मुलांच्या मानेतील गाठी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत सदस्य यांच्या आरोग्यविषयक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. माहितीच्या कामात असल्यामुळे डॉक्टरांचे बोलणे ऐकण्याचा, ते टिपून घेण्याचा आणि सर्वांना समजेल अशा भाषेत मांडण्याचा प्रसंग माझ्यावर वरचेवर येतो, एवढाच माझा अधिकार. आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. मूल हसतेखेळते आहे, जेवते आहे, नियमित शाळेत जाते आहे. पण न्हाऊ घालताना आईच्या बोटांना त्याच्या मानेत, कातडीखाली, हरभऱ्याएवढी गाठ लागते. आठ दिवस जातात, महिना जातो, गाठ आहे तशीच राहते. आईच्या जिवाला घोर लागतो. शेजारीण एक सांगते, सासूबाई दुसरे सांगतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कर्करोगापासून सगळे आजार डोळ्यांपुढे उभे राहतात.

याच गावात दुसरे एक घर असते. तेथील मुलाच्या मानेत सुपारीएवढी गाठ चार महिने आहे, तिच्याशेजारी आणखी दोन झाल्या आहेत. घरचे लोक सांबरशिंग उगाळून लावतात, चुना-गुळाचा लेप देतात, कोणी बिब्बाही घालतो. गाठ दुखत नाही, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. पहिल्या घराला धीर द्यावयाचा आहे आणि दुसऱ्या घराला दवाखान्यात पाठवावयाचे आहे. ही दोन घरे एकमेकांपासून वेगळी कशी ओळखावीत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या गाठी म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्या शरीरात रक्ताप्रमाणेच लसीका नावाचा एक पातळ द्रव वाहत असतो. त्याच्या वाटेवर जागोजागी लहान लहान ग्रंथी असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात त्या सुमारे ६०० भरतात. मान, काख आणि जांघ या ठिकाणी त्यांचे पुंजके आहेत. गावाच्या वेशीवर जकातीचे नाके असावे तसे त्यांचे काम. त्या त्या भागातून येणारे रोगजंतू तेथे अडवले जातात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात, आणि झुंज चालू असताना ग्रंथी फुगते. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मानेतील गाठ हेही बहुतेक वेळा अवधाणच असते. फरक इतकाच, की पायातला काटा दिसतो आणि घशातला किंवा दाढेतला विकार दिसत नाही.

लहान मुलांना वर्षातून अनेकदा सर्दी-पडसे होते, घसा धरतो, दात किडतात, खरूज-गळवे होतात. शिवाय बालवयात या ग्रंथी मोठ्या माणसांपेक्षा स्वभावतःच ठळक असतात. त्यामुळे निरोगी मुलाच्या मानेत एक सेंटिमीटरपर्यंतच्या, बोटाखाली सहज सरकणाऱ्या, मऊसर गाठी लागणे ही नित्याची गोष्ट आहे. जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची गाठही वावगी समजत नाहीत. घसा बरा झाला म्हणजे गाठ दुसऱ्या दिवशी जाते, असेही नाही. ती ओसरायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. आणि मध्येच दुसरे पडसे आले की पुन्हा डोके वर काढते.

माझ्या परिचयातील एका शिक्षक दांपत्याने मुलाच्या मानेमागील गाठीची नोंद करण्यासाठी वहीच घातली होती. रोज सायंकाळी मोजपट्टी घेऊन माप! ती वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वही बाजूला ठेवली आणि मुलाचे केस विंचरून पाहिले. डोक्यात उवा होत्या, खाजवून खाजवून झालेल्या जखमा पिकल्या होत्या. “सगळे गाठ घेऊन येतात, मी आधी तिच्या वरचा मुलूख तपासतो,” असे ते म्हणाले. रोज दाबून पाहण्यानेही गाठ सुजत राहते, दुखते. महिन्यातून एकदा पाहणे पुरे, असेही त्यांनी बजावले. उवांचा बंदोबस्त झाल्यावर ती गाठ हळूहळू विरली. भगिनींनो, गाठ दिसताच डोके, कान, दात आणि घसा आधी पाहावा, हे डॉक्टरांचे बोलणे मला फार मोलाचे वाटते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. जन्मानंतर डाव्या दंडावर क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. लस टोचतात. काही बाळांना त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी डाव्या काखेत लहानशी गाठ येते. ती बहुधा आपोआप जाते. मोठी झाली, मऊ पडली किंवा कातडी लाल झाली तर डॉक्टरांना दाखवावी. मात्र या गाठीच्या धास्तीने पुढच्या लसी चुकवू नयेत.

आता दुसऱ्या घराकडे वळू. आपल्या भाषेत गंडमाळ हा शब्द जुना आहे. एकामागोमाग एक गाठी मानेभोवती माळेसारख्या उठतात, म्हणून ती माळ. (तोंडाच्या लाळग्रंथी सुजून होणारे गालगुंड निराळे आणि गळ्यापुढे वाढणारे गलगंडही निराळे; नावे जवळची असल्याने पुष्कळदा घोटाळा होतो.) इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये राजाने हात लावला की गंडमाळ बरी होते, अशी शतकानुशतके समजूत होती. पुढे विख्यात कोशकार झालेल्या सॅम्युएल जॉन्सनला लहानपणी, १७१२ साली, राणी ॲनकडे याचसाठी नेले होते. गाठीचे व्रण त्याच्या अंगावर जन्मभर राहिले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर गंडमाळ बहुतांशी मानेतील ग्रंथींचा क्षय होय, हे निश्चित होत गेले. राजस्पर्शाला हसण्याचा अधिकार मात्र बिब्बा घालणाऱ्यांना नाही.

क्षयाच्या गाठीची लबाडी अशी, की ती बहुधा दुखत नाही, लाल होत नाही आणि मूल कित्येक दिवस चांगले दिसते. म्हणून खुणा लक्षात ठेवावयाच्या. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी आहे, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली आहे, जवळपास जखम वा घशाचा विकार नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या साध्या प्रतिजैविक औषधाने ती कमी झालेली नाही, तर तिची तपासणी झालीच पाहिजे. गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल, मुलाचे वजन वाढत नसेल, सायंकाळी बारीक ताप येत असेल, किंवा घरात कोणाला क्षय झाला असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. मानेच्या तळाशी, खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडाच्या वरच्या खळग्यात आलेली गाठ लहान असली तरी दाखवावी. रबरासारखी घट्ट व भराभर वाढणारी गाठ, अंगावर काळेनिळे डाग, फिकटपणा, श्वासाचा त्रास ही लक्षणे रक्ताच्या किंवा लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची असू शकतात. असे आजार विरळा आढळतात, तरी त्यांत दिवस दवडता येत नाहीत. सूज चटकन उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या निदानाआधी घेतल्यास हे रोग काही काळ झाकले जातात, हे ध्यानात असावे.

तपासणीचे नाव काढताच पालक घाबरतात. प्रत्यक्षात बारीक सुईने गाठीतील थोडा अंश काढून घेतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि सीबीनॅट यंत्रावर क्षयजंतूसाठी तपासतात. सुई टोचल्याने रोग अंगभर पसरतो, हा गैरसमज आहे. उलट, पिकलेली गाठ निदानाविना कापली तर क्षयाची जखम महिनोन्महिने वाहत राहते. क्षय ठरल्यास सर्वसाधारणपणे सहा महिने औषधे घ्यावी लागतात. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाखाली ती विनामूल्य मिळतात. या कार्यक्रमात रुग्णाला सकस आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

उपचार चालू असताना कधी कधी गाठ आणखी फुगते किंवा नवी येते. “औषध लागू पडत नाही” असे समजून कित्येक पालक येथेच औषध सोडतात. हा पुष्कळदा शरीराच्या प्रतिकाराचाच परिणाम असतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे, पण गोळ्या चालू ठेवाव्यात. उपचार पुरा झाल्यावर एखादी बारीक गाठ मागे राहिली, तरी तेवढ्यावरून रोग उरला असे होत नाही.

आणखी एक अवघड बाब आहे. मुलगी असली की घरचे लोक निदान लपवतात. पुढे लग्नाच्या वेळी बोलणे निघेल, ही धास्ती असते. शाळेतही अशा मुलाला वेगळे बसविण्याची मागणी होते. नुसत्या ग्रंथींचा क्षय असलेल्या मुलापासून वर्गातील इतरांना लागण होत नाही. फुप्फुसाचा क्षय असलेल्या माणसाच्या खोकल्यातून तो पसरतो. येथे मुद्दा उलट दिशेने पाहिला पाहिजे: मुलाला हा जंतू मिळाला कोठून? बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या कोणा मोठ्या माणसाकडून. ओसरीवर खोकणारे आजोबा, कारखान्यातून सुट्टीवर आलेला काका यांची तपासणी झाल्यावाचून त्या घरातील दुसरे मूल सुरक्षित नाही. सहवासातील माणसांना, विशेषतः लहान मुलांना, प्रतिबंधक औषध देण्याची तरतूदही कार्यक्रमात आहे.

या कामी तुमच्या हाती एक सोय आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येऊन मुले तपासावयाची असतात. पथक येते त्या दिवशी नेमके तेच मूल गैरहजर असते, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. यास्तव पथकाची तारीख कळताच मानेत गाठ असलेल्या मुलांची नावे वेगळी लिहून त्यांच्या पालकांना आदल्या दिवशी निरोप द्यावा. वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही असेल तर पथकाची वाट न पाहता मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळूनही मजुरी बुडेल म्हणून घरीच राहणारी कुटुंबे पंचायत सदस्यांना ठाऊक असतात. त्यांच्या सोबत आशाताईंना पाठविणे आणि जाण्यायेण्याची व्यवस्था लावून देणे हे काम ग्रामसभेची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे.