उसनी झोंप

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, याचा आमच्या घराशीं काय संबंध? विषय आहे झोंपेच्या व चित्त शांत करणाऱ्या औषधांचा: तीं मज्जासंस्थेवर कशीं काम करतात आणि त्यांचा गुण कोठें संपून दोष कोठें सुरू होतो. मी डॉक्टर नव्हे. सारा जन्म शाळेंत मुलें शिकविण्यांत गेला. परंतु नांदेड जिल्ह्यांत नोकरी करून लातुरास स्थायिक झालेल्या मला एकाच औषधाचीं दोन रूपें पाहावयास मिळालीं. तींच आपणांपुढें ठेवावीं असें योजिलें आहे.

नांदेड जिल्ह्याचे बिलोली, धर्माबाद, देगलूर हे तालुके तेलंगणाच्या सीमेला लागून आहेत. या भागांत शिंदीच्या झाडाचा रस पिण्याची चाल जुनी आहे. पहांटे उतरविलेली ताजी नीरा गोड असते. ऊन चढेल तशी ती आंबते व तिची शिंदी होते. या खऱ्या शिंदींत मद्यार्क थोडाच असतो. पण झाडें थोडीं आणि मागणी मोठी. तेव्हां नफेखोरांनीं पाण्यांत थोडा रस, गोडीसाठीं सॅकरीन आणि नशेसाठीं क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांची पूड मिसळण्याचा धंदा काढला. अशा शिंदीवर छापे पडल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतोंच. दिवसभर राबून थकलेला मजूर दोन बाटल्या पितो, त्याला गाढ झोंप लागते, आणि आजची शिंदी चांगली होती असें तो म्हणतो. आपण झोंपेचें औषध घेतलें, हें त्या बिचाऱ्याच्या गांवींही नसतें.

२०१५ सालच्या सप्टेंबरांत तेलंगणांत या भेसळीविरुद्ध कडक मोहीम निघाली. शिंदींत पूड पडेनाशी झाली. कोणालाही वाटेल कीं, विष बंद झालें, आतां लोक सुधारतील. घडलें उलटेंच. निजामाबाद, महबूबनगर इत्यादि जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांत शेंकडों माणसें आणावीं लागलीं. कोणाचे हात थरथरत, कोणाला फेफरें येई, कोणाला नसलेल्या वस्तु दिसत. कांहीं जण दगावलेही. औषध पोटांत असतांना जीं माणसें चालतींबोलतीं होतीं, तीं औषध थांबतांच अंथरुणाला खिळलीं. हें कोडें उलगडावयाचें तर मेंदूंत डोकावलें पाहिजे.

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो बहुधा एखाद्या रासायनिक द्रव्याच्या हातीं. कांहीं द्रव्यें पुढच्या पेशीला ‘बोल’ म्हणतात. ग्लुटामेट हें त्यांतलें मुख्य. कांहीं ‘गप्प बैस’ म्हणतात. त्यांतलें मुख्य द्रव्य म्हणजे गाबा. साठ मुलांचा वर्ग डोळ्यांपुढें आणा. सगळींच मुलें एकदम बोलूं लागलीं तर गोंगाट, आणि सगळींच मुकीं झालीं तर शिक्षण नाहीं. गाबा हा त्या वर्गावरचा मास्तर होय. तो पेशीच्या पडद्यांतील एक दार उघडतो, त्यांतून क्लोराइडचे कण आंत शिरतात आणि ती पेशी तेवढ्यापुरती शांत होते.

डायझेपाम, अल्प्राझोलाम हीं औषधें स्वतः तें दार उघडीत नाहींत. तीं मास्तराचा आवाज मोठा करतात. गाबाच्या त्याच हांकेला दार अधिक वेळां उघडतें. त्यामुळें भीति ओसरते, स्नायु सैल पडतात, झोंप येते, फेफरें आवरतें. बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइश यांनीं १८६९ सालीं झोंपेसाठीं प्रचारांत आणलेल्या क्लोरल हायड्रेटचें कामही बहुतांशीं याच दाराशीं चालतें. परंतु झोंप आणणारी मात्रा व प्राण घेणारी मात्रा यांत त्याच्या ठायीं अंतर थोडें. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनांतून निघून १९६३ सालीं बाजारांत आलेलें डायझेपाम त्या मानानें निर्धोक ठरलें, आणि म्हणूनच तें व त्याचीं भावंडें जगभर घरोघरीं शिरलीं.

आतां दोषांकडे वळूं. औषधाचे दुष्परिणाम बाहेरून येत नाहींत. ते बहुधा त्याच्या गुणाचेच सोबती असतात. गाबाचीं दारें मेंदूंत सर्वत्र आहेत, आणि भीतीचा भाग कोणता व स्मरणाचा कोणता, हें गोळीला ओळखतां येत नाहीं. तोल सांभाळणाऱ्या भागांत ती पोहोंचली कीं पाय लटपटतात. स्मरणाच्या भागांत पोहोंचली कीं रात्रीं झालेलें बोलणें सकाळीं आठवत नाहीं. मद्यही याच दारावर काम करतें. म्हणून गोळी आणि मद्य एकत्र झालीं तर श्वासच मंदावतो, प्रसंगीं थांबतो. वृद्धांचें शरीर हीं औषधें सावकाश बाहेर टाकतें. रात्रींच्या गोळीचा अंमल पहांटेपर्यंत उरतो, न्हाणीघराकडे जातांना तोल जातो आणि खुब्याचें हाड मोडतें. घरचे म्हणतात, फरशी ओली होती.

मघांचें कोडें यापुढचें आहे. मास्तर रोजच ओरडूं लागला तर वर्गाच्या कानांना त्या ओरडण्याची सवय होते. मेंदूही तसाच निबर होतो. गाबाचीं दारें त्याच्या हांकेला पूर्वीइतकीं दाद देईनाशीं होतात, आणि ‘बोल’ म्हणणारा पक्ष जोर धरतो. मग तेवढ्याच झोंपेला दोन गोळ्या लागतात. अशा वेळीं औषध एकाएकीं काढून घेतलें, तर मास्तराचा नेहमींचा आवाज कोणालाच ऐकूं जात नाहीं आणि सारा वर्ग एकदम उसळतो. हात कांपणें, भास होणें, फेफरें येणें हा तोच गोंगाट होय. झोंप उसनी आणलेली होती. तिची परतफेड व्याजासह एकदम मागितली जाते.

हें मला केवळ वाचून समजलें असतें तर मी आज बोललों नसतों. लातुरांतील माझे एक स्नेही, माझ्यासारखेच सेवानिवृत्त, अत्यंत नेमस्त गृहस्थ. पत्नी वारल्यावर त्यांची झोंप उडाली. डॉक्टरांनीं पंधरा दिवसांपुरती अल्प्राझोलामची गोळी दिली. पंधरवडा संपला, गोळी संपली नाहीं. जुनीच चिठ्ठी दाखवून ती चार वर्षें येत राहिली, एकीच्या दोन झाल्या. पुढें ते मुलीकडे गेले आणि डबी घरीं राहिली. बरें झालें, सुटेल एकदांची, असें म्हणून ते कोणाशीं बोलले नाहींत. दोन रात्रीं डोळ्याला डोळा लागला नाहीं. तिसऱ्या दिवशीं भिंतीवर मुंग्या चालल्या आहेत असें सांगूं लागले, आणि तिन्हीसांजेला फेफरें येऊन पडले. तेथील डॉक्टरांनीं मुलीला पहिलाच प्रश्न केला कीं, हे कोणत्या गोळ्या घेतात? तिला ठाऊक नव्हतें. रात्रीं तिचा मला फोन आला, “काका, अण्णा कांहीं घेत होते का हो?” मला ठाऊक होतें. चार वर्षें ठाऊक होतें. मित्राची लाज राखावी म्हणून मीं तें कोणाला सांगितलें नव्हतें. त्या रात्रीं सांगितलें, म्हणून योग्य उपचार झाले. पुढें कित्येक महिने मात्रा थोडीथोडी उतरवीत डॉक्टरांनीं ती गोळी सोडविली.

सीमेवरच्या गांवीं शिक्षक असतांना एका विद्यार्थ्याच्या बापाला शिंदीपायीं मीं चारचौघांत सुनावलें होतें, “आजच्या आज सोड!” त्या उपदेशांत केवढा धोका भरलेला होता, हें मला तेव्हां कळत नव्हतें. त्या मजुराला आपण व्यसनी म्हणतों आणि माझ्या स्नेह्यांना रोगी म्हणतों. दोघांच्या मेंदूंतलें दार मात्र एकच आहे. फरक इतकाच कीं, एकानें तें औषध न कळत घेतलें आणि दुसऱ्यानें कळून.

तेव्हां काय करावें? पहिली गोष्ट, आपल्या घरीं कोणी अशी गोळी रोज घेत असेल तर माझें भाषण ऐकून ती उद्यां बंद करूं नये. डॉक्टरांना खरी मात्रा व खरा काळ सांगावा आणि त्यांच्या देखरेखीखालीं ती हळूहळू कमी करावी. कोणाला आठवडे लागतात, कोणाला महिने. फेफऱ्यासाठीं दिलेलें औषध तर आपल्या मनानें कधींच थांबवूं नये. दुसरी, गोळी शेजाऱ्याला उसनी देऊं नये. १ मार्च २०१४ पासून अमलांत आलेल्या एच-१ परिशिष्टांत ही औषधें आहेत. चिठ्ठीशिवाय तीं विकतां येत नाहींत, आणि विक्रीची निराळ्या वहींत नोंद करून ती तीन वर्षें ठेवावी लागते, तें उगीच नव्हे. तिसरी, शिंदी किंवा गोळी सुटल्यावर कोणाला कांप भरला, भास होऊं लागले, तर अंगांत आलें म्हणून अंगारा लावीत बसूं नका. रुग्णालय गांठा आणि खरें तें सांगा. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचीं रुग्णालयें आहेत. मनाच्या त्रासाविषयीं सल्ला हवा असल्यास २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आज निजण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांची औषधांची डबी एकदां पाहा. गोळी सांपडली तर रागावूं नका. किती दिवस घेत आहां, इतकेंच विचारा. माझ्या स्नेह्यांना तो प्रश्न मीं चार वर्षांपूर्वीं विचारावयास हवा होता.