दोन दारांमधील जागा



घर घेताना आपण खोल्या मोजतो; आपले दार आणि शेजाऱ्याचे दार यांमधील जागा कोणी मोजीत नाही. आज मला त्या जागेविषयीच बोलावयाचे आहे. कुटुंब घरात घडते हे खरे, पण समाज घडतो तो दाराबाहेर.

आपले जुने गाव डोळ्यांपुढे आणा. आळी जातीची, पाणवठा जातीचा, आणि महारवाडा गावकुसाबाहेर. ज्या मुलाने पोथी कधी उघडली नाही, तेही पाण्याच्या वाटेवर चालता चालता भेदाभेद शिकत असे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो केवळ पाण्यासाठी नव्हता. सार्वजनिक म्हणविली जाणारी जागा खरोखर सर्वांची आहे काय, हा त्यांचा सवाल होता.

आता मुंबईस चला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. मधोमध लांब पॅसेज, दोहों बाजूंस खोल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि संडास सामायिक. एवढ्या जागेत कुटुंब मावावे कसे? ते पॅसेजमध्ये आले. तेथे मुले अभ्यासाला बसली, बायकांनी धान्य निवडले, रात्री पुरुषांनी पथाऱ्या टाकल्या. कोणाकडे आजारी कोण आणि कोणाची चूल आज पेटली नाही, हे न सांगता कळे.

परंतु या चाळीचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, या शेजाराची किंमत बायकांनी अधिक मोजली. अपरात्री सामायिक संडासाकडे जाणारीस विचारा, नव्या सुनेस विचारा. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. १९७४ साली वरळीच्या याच चाळींच्या वस्तीत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगली पेटल्या. जागा माणसांना जवळ आणते. त्यांना समान मानण्याचे काम ती आपणांवरच सोडते.

आज त्या चाळी जाऊन उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर! तीन पिढ्या वाट पाहिलेल्यांच्या या सुखास नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र ज्या म्हातारीला कालपर्यंत दार उघडताच चार माणसे दिसत, तिला आता दार उघडल्यावर काय दिसेल? बंद दारे आणि लिफ्ट एवढेच दिसणार असेल, तर एक दुःख काढून आपण तिला दुसरे दिले असे होईल.

यावर उपाय अवघड नाही. मजल्यावर उजेडाची, वाऱ्याची, चार खुर्च्या मावतील अशी जागा, आणि खाली मोटारींच्या आधी मुलांसाठी राखलेले अंगण. पण नकाशात ती मागावी लागते. मागितली नाही, तर तिची विक्री होते.

आपल्या गावातही जुने वाडे पडत आहेत, नव्या इमारतींचे नकाशे सह्यांसाठी समोर येत आहेत. माझी विनंती एवढीच की, सही करण्यापूर्वी आपल्या खोल्या अवश्य मोजा, आणि मग बोट ठेवून विचारा, “आम्ही एकमेकांस भेटावयाचे कोठे? आणि तेथे येण्यास कोणास मज्जाव तर नाही ना?”