वस्तीवरच्या राखणदाराची खोपी
(आकाशवाणीवरील शेतीविषयक भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीवर गाईला गोठा असतो, शेळ्यांना वाडगं असतं, कोंबड्यांना खुराडं असतं. राहून जातो तो एकच, रात्रभर जागणारा. आपला कुत्रा उन्हाळ्यात गाडीखाली, पावसाळ्यात वळचणीला आणि थंडीत चुलीच्या राखेत अंग टाकतो. आज त्याच्या घराविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. घर कुठं बांधावं, केवढं बांधावं, कशाचं बांधावं, आणि ते अंगणात शोभून कसं दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, गावरान कुत्रं ते, त्याला घर कशाला हवं? प्रश्न रास्त आहे. पण विचार करून बघा. रात्रभर भिजलेला कुत्रा अंगाचं मुटकुळं करून पडून राहतो, तो राखण काय करणार? ओल्या जागेत निजून त्याच्या कातडीला त्रास होतो, केस झडतात. ओसरीत निजला तर गोचीड आणि पिसवा घरात येतात. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं आहे, ते म्हणजे बिबट्या.

उघड्यावर बांधलेला कुत्रा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या भागातल्या मंडळींना हे नव्यानं सांगायला नको. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. बिबट्याला तेवढा आडोसा पुरतो, तो तिथंच राहतो आणि मादी तिथंच पिल्लं घालते. तो खातो काय? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोल्याकडे अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून पाहिली. त्यात सगळ्यांत मोठा वाटा निघाला तो कुत्र्याचा. शेळ्या, वासरं त्याच्या मागून.

म्हणून रात्री साखळीनं खुंट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. मोकळा कुत्रा निदान घरात पळून येईल. बांधलेल्याला तेही जमत नाही. बरं, नुकसान एका कुत्र्यावर थांबत नाही. एकदा अंगणात भक्ष्य मिळालं की बिबट्या त्याच अंगणात पुन्हा येतो, आणि अंगणात आपली लेकरं असतात. तेव्हा कुत्र्याचं घर ही हौस नाही, ती सगळ्या वस्तीची काळजी आहे.

जागा कशी निवडावी

घर वस्तीच्या जवळ असावं, ओसरीतून दिसेल असं. उसाच्या कडेला, उकिरड्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीमागं नको. जागा आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली दुपारनंतर पडत असेल तर फारच चांगलं. नारळाखाली मात्र बांधू नका. विजेच्या खांबाला, ताणतारेला किंवा मोटारीच्या पेटीला कुत्र्याची साखळी कधीही अडकवू नका.

तोंड कुठल्या दिशेला? आपल्याकडं पावसाचा झोत येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. उन्हाळ्यातलं दुपारचं ऊनही पश्चिमेचंच कडक. म्हणून घराची पाठ पश्चिमेला आणि दार पूर्वेला ठेवावं. सकाळचं कोवळं ऊन आत गेलं की अंथरूण वाळतं आणि जागेला कुबट वास येत नाही.

मापं कशी घ्यावीत

पुष्कळांना वाटतं, घर जेवढं मोठं तेवढं चांगलं. कुत्र्याच्या बाबतीत तसं नाही. मोठ्या पोकळ घरात थंडीत ऊब राहत नाही. कुत्र्याला आत उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून निजता यावं, एवढंच हवं.

माप घ्यायला फार काही लागत नाही. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा आणि त्यात अर्धा फूट मिळवा. ही झाली घराची लांबी. कुत्रा बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची मोजा आणि त्यात चार बोटं मिळवा. आतली उंची याहून कमी नको. पिल्लू असेल तर पुरत्या वाढीचा अंदाज धरा.

साधारण गावरान कुत्र्याला आतून साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, पुढं ३ फूट आणि मागं अडीच फूट उंच एवढं घर पुरतं. कारवानी किंवा पश्मी असेल तर ती जात उंच, म्हणून प्रत्येक माप अर्ध्या फुटानं वाढवा.

दार १४ इंच रुंद आणि २० इंच उंच पुरे. मोठ्या कुत्र्याला तेही थोडं वाढवावं लागेल. दार लांब भिंतीच्या मधोमध ठेवू नका, एका टोकाला ठेवा. म्हणजे कुत्रा दुसऱ्या टोकाला निजतो आणि वारा-पाऊस त्याच्या अंगावर थेट येत नाही. दाराला ३ इंचांचा उंबरा ठेवा, त्यानं अंथरूण बाहेर ओढलं जात नाही.

बांधकाम

आधी दगड-मातीचा भरीव चौथरा घ्या, निदान एक फूट उंच. भरीव म्हणजे पक्का भरीव. दगडांमध्ये फटी ठेवल्या तर तिथं विंचू आणि साप राहायला येतील. लाकडी घर करून पायांवर उभं करणार असाल, तर खाली फूटभर मोकळं ठेवा, म्हणजे केरसुणी फिरेल. अर्धवट बुजलेली पोकळी मात्र नको.

जमिनीला शहाबादी फरशी उत्तम. दाराकडं अर्धा इंच उतार द्या, म्हणजे धुतलेलं पाणी दाराकडं येईल. फरशी नसेल तर चोपून केलेला कोबा चालेल.

भिंती साडेचार इंची विटांच्या कराव्यात. वर दिलेल्या मापाला साधारण पावणेदोनशे विटा लागतात. आतून सिमेंटचा गिलावा गुळगुळीत करून घ्या. याचं कारण गोचीड. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत शिरून हजारांनी अंडी घालते. फटच नसेल तर अंडी घालायची कुठं? दगडमातीची किंवा कुडाची भिंत असेल तर फटी लिंपून वर्षातून दोनदा चुन्याचा हात द्या.

हवा खेळण्यासाठी दोन्ही आखूड भिंतींत, छपराच्या लगत, एकेक जाळीची वीट बसवा. उबदार घर म्हणजे कोंदट घर नव्हे.

छप्पर मागं उतरतं असावं, म्हणजे पागोळ्या दारात पडणार नाहीत. चारी बाजूंनी अर्धा फूट बाहेर काढायचं तर सव्वापाच फूट बाय सव्वाचार फुटांचं छप्पर लागेल. पत्रा घातला तर उन्हाळ्यात आत भट्टी होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो अंग निववतो. म्हणून पत्र्यावर चुना मारा आणि उन्हाळ्यात वर उसाच्या पाचटाचा थर घाला. मंगलोरी कौलं घातली तर थंडावा चांगला राहतो, पण बिबट्याचा उपद्रव आहे तिथं कौलं नकोत, ती उचकटली जातात. तिथं पत्राच लोखंडी चौकटीवर पक्का बसवा. चौकट मागच्या भिंतीला बिजागरीनं आणि पुढं कडीनं अडकवा. झाकणासारखं छप्पर उचललं की आतली झाडलोट पाच मिनिटांत होते.

रात्रीचा पिंजरा

बिबट्याच्या भागात नुसतं घर पुरत नाही. दारापुढं त्याच चौथऱ्याला लागून ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा जाळीचा पिंजरा जोडा. सव्वा इंची लोखंडी अँगलची चौकट आणि तिला वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी. भोक दोन इंचांपेक्षा मोठं नको, नाहीतर पंजा आत येतो. कुंपणाची विणलेली जाळी वापरू नका, ती ढकलली की वाकते. वरूनही जाळी हवीच. बिबट्या झाडावर चढतो, त्याला चार-पाच फुटांची जाळी ती काय! पिंजऱ्याखालीही चौथरा पक्का असला म्हणजे उकरून आत येता येत नाही. दाराला बाहेरून दोन कड्या, एक वर आणि एक खाली.

संध्याकाळी दिवेलागणीला कुत्र्याला जेवू घालून आत घ्यायचं. आतून तो वास घेतो, चाहूल घेतो, भुंकतो. राखण तर होतेच, आणि राखणदारही सकाळी जिवंत दिसतो. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा मोडतो आणि तो इकडंतिकडं फिरू लागतो. म्हणून पाऊस संपला की तोडीच्या आत हे काम उरकून घ्या.

ज्यांना सध्या एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी निदान रात्री कुत्र्याला बंद पडवीत किंवा दार असलेल्या गोठ्यात घ्यावं. दिवसा बांधायचं असेल तर दोन खांबांमध्ये पंधरा-वीस फूट तार ओढून तिच्यावर कडीनं सरकती साखळी लावा. कुत्र्याला फिरायला मिळतं. तारेच्या दोन्ही टोकांना गाठ ठेवा, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळली जाणार नाही. कुंपणाजवळ मात्र बांधू नका. उडी मारून पलीकडं लटकला तर फास बसतो.

अंथरूण आणि सफाई

थंडीत गव्हाचं काड किंवा स्वच्छ बारदान घाला. उन्हाळ्यात काढून टाका, त्याला गार फरशीच आवडते. खताची किंवा औषधाची रिकामी पोती अंथरायला घेऊ नका. आठवड्यातून एकदा अंथरूण कडक उन्हात टाका.

गोचीड झाली की पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याला चोळणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जातं. गोचिडीचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच विचारून आणा. जंताचं औषधही वेळच्या वेळी द्या. बोकड कापल्यावर फोड असलेलं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याला कच्चं घालू नका, त्यातून होणारे जंत पुढं माणसालाही बाधतात. उष्टं, मेलेल्या कोंबड्या अंगणात पडू देऊ नका. त्यांवर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो.

या पिंजऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. पिसाळण्याची प्रतिबंधक लस पिल्लू ३ महिन्यांचं झालं की टोचून घ्यायची, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पिंजरा असला की कुत्रा टोचायला सापडतो. तो कुणाला चावलाच, तर १० दिवस बंद ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. पण चावलेल्या माणसानं त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. जखमेवर चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही.

अंगणाची शोभा

आता शेवटची गोष्ट. घर मजबूत असावं तसं नीटसही असावं. आपल्या घराला जो रंग, तोच याला द्या. पांढऱ्या चुन्यावर खाली गेरूचा पट्टा ओढला की चौथरा उठून दिसतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल चढवा. भिंत थंड राहील आणि भाजीही मिळेल. कण्हेर, रुई, धोतरा मात्र जवळ लावू नका, ही झाडं विषारी आहेत. दारावर जुना उरलासुरला तेलरंग फासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि कुत्र्याला दार चावायची सवय असते. पाण्यासाठी शेजारी सिमेंटची उथळ, जड कुंडी ठेवा. ती कलंडत नाही. पाणी रोज बदला.

विटा, पत्र्याचा तुकडा, दोन-चार फरश्या हे बहुतेक वस्तीवर जुनं बांधकाम निघालेलं पडून असतं. लोहाराचं काम तेवढं विकत. घरच्या दोन माणसांचे दोन-तीन दिवस गेले, तर राखणदाराची पुष्कळ वर्षांची सोय होते. तो आपल्यासाठी जागतो. त्याला कोरडी आणि सुरक्षित जागा देणं हे आपलं काम आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. घर वस्तीजवळ, उंच जागी. पाठ पश्चिमेला, दार पूर्वेला आणि एका टोकाला.
२. आतलं माप साडेतीन बाय अडीच फूट. पुढं ३ फूट, मागं अडीच फूट उंच.
३. चौथरा भरीव, गिलावा गुळगुळीत, छप्पर उचलता येणारं.
४. बिबट्याच्या भागात वरूनही जाळी असलेला पिंजरा. रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नये.
५. पिकावरचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नये.
६. पिसाळण्याची प्रतिबंधक लस दरवर्षी.
७. बिबट्या दिसला तर पाठलाग न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.