काउंटरवर वाकणारी गिऱ्हाइकं



माझा धंदा चष्म्यांचा. लेसरनं नंबर घालवण्याबद्दल मी बोलायचं म्हणजे केस वाढवावेत की कापावेत हे न्हाव्याला विचारण्यातलाच प्रकार. तेव्हा माझं बोलणं तेवढी सूट देऊन ऐका. पण तरुणपणी मी बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती बरीच वर्षं काढली आहेत, आणि आज पूल खेळणारी पोरं दुकानात आली की मला लगेच ओळखू येतात. फ्रेम डोळ्यांवर चढवली की बाकीचे आरशात बघतात, ही पोरं काउंटरवर वाकतात. हनुवटी काचेला टेकेपर्यंत वाकतात, हातात असेल ते पेन क्यूसारखं धरतात आणि भुवयांखालून समोरच्या कपाटाकडे बघतात.

आणि मग म्हणतात, "काका, काडी आडवी येते."

काडी म्हणजे फ्रेमची वरची कड. त्यांची तक्रार खरी असते. चष्मा हा ताठ बसलेल्या माणसासाठी बनवलेला असतो. काचेचा मध्य बाहुलीसमोर येईल असा आम्ही तो बसवतो. पूल खेळणारा माणूस क्यूवर ओणवा होतो, मान मागे टाकतो आणि काचेच्या अगदी वरच्या टोकातून बघतो, नाहीतर फ्रेमच्या वरूनच. वरून बघितलं तर सगळं धूसर. टोकातून बघितलं तर आणखी एक भानगड असते. मध्य सोडून कडेनं बघितलं की काच प्रिझमचं काम करायला लागते. समजा, नंबर उणे चार आहे आणि नजर मध्यापासून दीड सेंटिमीटर वरून जाते आहे. तर एक मीटरवरची वस्तू जिथं असते तिथून सुमारे सहा सेंटिमीटर खाली दिसते. सगळंच सारखं सरकलं असतं तर बिघडलं नसतं. पण क्यूचं टोक, पांढरा चेंडू आणि मारायचा चेंडू हे तिन्ही काचेच्या वेगवेगळ्या भागांतून दिसतात. मान जरा तिरकी असली की सरळ रेषेलाही बारीकसा बाक येतो.

हा बाक किती महागात पडतो, त्याचा हिशेब करून बघा. पुलाचा चेंडू सव्वादोन इंचांचा, म्हणजे 57 मिलिमीटरांचा. सरळ फटक्यात पांढरा चेंडू दुसऱ्यावर एक मिलिमीटर बाजूला आदळला, तर तो दुसरा चेंडू एक मीटर जाईपर्यंत पावणेदोन सेंटिमीटर भरकटतो. आणि नऊ फुटी टेबलाचा कर्ण पावणेतीन मीटरांहून थोडा जास्त असतो. तक्त्यावर ज्याला आम्ही 6/6 म्हणतो तो डोळा दोन मीटरवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा फरक ओळखतो. 6/12 च्या डोळ्याला तिथं मिलिमीटरभर फरकही कळत नाही. या खेळात नजर फुकट जात नाही ती अशी.

चष्म्यावर उपाय झाले नाहीत असं नाही. इंग्लंडच्या स्नूकरपटू फ्रेड डेव्हिसनं फिरत्या काचांचा चष्मा वापरला. पुढे डेनिस टेलरच्या डोळ्यांवर तो प्रचंड, उलटा घातल्यासारखा दिसणारा चष्मा आला. काचा भुवयांच्याही वर चढलेल्या. तो बनवून दिला जॅक कार्नम यांनी. ते स्वतः खेळाडू, समालोचक आणि चष्मे बनवणारे. लोक हसले. 1985 साली शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जागतिक स्नूकरच्या अंतिम सामन्यात टेलर पहिल्या आठ फ्रेम्स, म्हणजे डाव, हरला होता. सामना पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला, आणि स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध तो काळा टेलरनं घातला. सबंध सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्याच क्षणी. माझ्या धंद्याची एवढी मोठी जाहिरात पुन्हा झाली नाही.

आता लेसरकडे येतो. ज्या एक्सायमर लेसरनं हे काम होतं, तो सजीवांच्या ऊतींवर चालतो हे ज्यांनी दाखवलं त्यांत चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. 1981 साली न्यूयॉर्कजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी हा लेसर चालवला. आजूबाजूचं काही न भाजता स्वच्छ खाच पडली. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लॅसिकमध्ये तिचा पातळ पापुद्रा उचलतात, खालचा थर लेसरनं नंबराच्या मापानं घासतात आणि पापुद्रा परत बसवतात. एका नंबराला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन जातात. काच नाकावरून उतरून डोळ्यातच गेली म्हणा ना. मग वाका, तिरके व्हा, टेबलावर आडवे पडा. डोळा वळेल तिकडे काचेचा मध्यही वळतो. पूल खेळणाऱ्याला लेसर जे देतो त्यातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट.

तरीही पहिले काही आठवडे पोरं कुरकुरतात. "दिसतं झकास, पण पॉट होत नाही." असं का व्हावं? उणे नंबराची काच सगळं थोडं लहान करून दाखवते. उणे चारला चार-पाच टक्के. ती गेली की चेंडू मोठे दिसतात, भोकंही मोठी दिसतात. शिवाय काचेच्या त्या बाकाची भरपाई मेंदू वर्षानुवर्षं करत आलेला असतो. काच गेली तरी तो ती करतच राहतो. सवय मोडायला टेबलावरच तास घालावे लागतात. लगेच क्यू बदलायला धावू नका.

सुरुवातीचे महिने डोळे कोरडेही पडतात, कारण पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात. नेम धरताना माणूस पापणी मिटायचं विसरतो, वर एसीचा झोत. नजर विरते ती नेमकी फटक्याच्या वेळी. डॉक्टरांनी दिलेले थेंब खिशात ठेवा. आणि खडूनं निळी झालेली बोटं डोळ्यांकडे अजिबात नेऊ नका. काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. अंधारात बाहुली मोठी होते आणि घासलेल्या भागाच्या कडेचा उजेडही आत येतो. पूल पार्लरमध्ये टेबलावर प्रखर दिवा असतो, त्यामुळे खेळताना याचा त्रास कमी. घरी परतताना स्कूटरवर जास्त.

आता श्रोतेहो, घरबसल्या एक करून बघा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा आणि त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मग एकेक डोळा मिटा. एक मिटल्यावर कॅलेंडर जागच्या जागी राहील, दुसरा मिटल्यावर गायब होईल. जो मिटल्यावर गायब होतं, तो तुमचा म्होरक्या डोळा. क्यू बऱ्याच जणांच्या त्याच डोळ्याच्या बाजूला सरकलेला असतो.

चाळिशीनंतर लेसर करणाऱ्यानं हे जाणलंच पाहिजे. तेव्हा काही वेळा मोनोव्हिजन सुचवतात: एक डोळा, बहुधा म्होरक्या, लांबचा, दुसरा जवळचा. मेनूकार्ड वाचायला उत्तम. पण अंतराचा अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात, आणि पुलात तो हवाच. म्हणून शस्त्रक्रियेआधी तशाच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून पंधरा दिवस खेळून बघा. डॉक्टरांना "मी पूल खेळतो" एवढंच सांगू नका. पांढरा चेंडू पाऊण-एक मीटरवर असतो आणि मारायचा चेंडू दोन-अडीचवर, हे आकड्यांत सांगा. ते विचारतात ते वाचन आणि गाडी. यांच्या मधलं हे अंतर आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं कसं?

माझं एक जुनं गिऱ्हाईक, वय सेहेचाळीस, नंबर उणे साडेतीन. मी त्यांना दोनदा उंच काचांची फ्रेम बनवून दिली होती. त्यांनी गेल्या वर्षी लेसर केलं. दोन्ही डोळे लांबचे. खेळ सुधारला, हे त्यांनीच फोन करून सांगितलं. मी अभिनंदन केलं आणि वहीतलं त्यांचं पान मिटलं.

पण उणे नंबरवाल्याला चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षर वाचायची सोय असते. लेसरनं नंबराबरोबर ती सोयही गेली. चार महिन्यांनी गृहस्थ दुकानात हजर. म्हणाले, स्कोअर लिहिताना आकडे पुसट दिसतात. मी अधिक एकचा साधा वाचायचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि छापील कागद पुढे धरला. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. आधी काउंटरवर वाकले, पेन धरलं, मान मागे टाकली आणि म्हणाले, "काडी आडवी येते हो."

"खेळताना काढून ठेवायचा," मी म्हटलं, आणि वहीतलं पान परत उघडलं.