'आ' की 'दी'?



व्याकरणात काठावर पास होणारी मी आज व्याकरणावरच बोलणार आहे. बाई, हसू नका!

नोकरीसाठी तोरिनोला गेले आणि चाळिशीत इटालियन शिकायला बसले. 'इम्पारारे' म्हणजे शिकणे. त्याच्या मागे कधी 'आ' लागतो, कधी 'दी', आणि ते ठरवतं आधीचं क्रियापद. 'कोमिंचारे आ इम्पारारे' म्हणजे शिकायला लागणे. 'देचीदेरे दी इम्पारारे' म्हणजे शिकायचं ठरवणे. 'वोलेरे', म्हणजे इच्छा असणे, त्याच्यापुढे काहीच लागत नाही.

एकदा साहेबांना 'काम करून संपवलं' सांगायचं होतं. 'फिनीरे'पुढे 'दी'ऐवजी 'पेर' म्हणाले आणि अर्थ झाला, 'शेवटी कामच करत बसले!' सगळे हसले. मी वर्ग सोडायच्या बेतात होते.

त्या रात्री सुचलं, आपणही 'शिकायला ठरवलं' कुठे म्हणतो? 'शिकायला लागले', पण 'शिकायचं ठरवलं'. हे कोणत्या नियमाने आलं? ऐकून, बोलून.

बाई, तुम्ही म्हणायचात, "सुटा शब्द नको, अख्खं वाक्य पाठ करा." तेव्हापासून प्रत्येक क्रियापद त्याच्या 'आ'-'दी'सकट वहीत लिहिते. तीस वर्षं उशिरा का होईना, तुमचं ऐकलं.