विज्ञानकथाकाराचा हिशेब
(व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानकथा म्हणजे रिकाम्या वेळचा कल्पनाविलास, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. आर्थर क्लार्क यांचे चरित्र या समजाला छेद देते.

इंग्लंडमधील समरसेट परगण्यात १९१७ साली जन्मलेल्या क्लार्क यांना पैशाअभावी शाळेनंतर विद्यापीठात जाता आले नाही. १९३६ मध्ये ते लंडनला सरकारी लेखापरीक्षण खात्यात नोकरीस लागले. (लेखापरीक्षकास कल्पनाशक्ती असते यावर येथील किती मंडळींचा विश्वास बसेल, कोण जाणे!) दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात त्यांच्याकडे रडारचे काम आले. धुक्यात सापडलेल्या वैमानिकाला जमिनीवरून सूचना देऊन विमान सुखरूप उतरवून घेणारी यंत्रणा तेव्हा नवी होती. पुढे १९६३ साली या अनुभवावर त्यांनी ‘ग्लाइड पाथ’ ही कादंबरी लिहिली.

याच नोकरीत असताना ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या तांत्रिक मासिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहास एका प्रदक्षिणेला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. म्हणून जमिनीवरून तो एका जागी स्थिर भासतो. ही कक्षा त्यांच्यापूर्वीही काहींनी सांगितली होती. क्लार्क यांनी पुढचा हिशेब मांडला. असे तीन उपग्रह सारख्या अंतरावर ठेवले, तर जवळजवळ सर्व पृथ्वीवर ध्वनी व चित्रे पोहोचविता येतील, आणि त्यासाठी किती विद्युतशक्ती लागेल, तेही त्यांनी दाखविले. पहिला कृत्रिम उपग्रह सोडला जाण्यास तेव्हा बारा वर्षांचा अवधी होता.

एका बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. ही केंद्रे माणसांनी चालवावी लागतील, असे त्यांना वाटले. त्या काळातील विद्युतयंत्रे काचेच्या व्हॉल्व्हवर चालत आणि ते वरचेवर बदलावे लागत. ट्रान्झिस्टर १९४७ साली आला. या कल्पनेचे पेटंटही त्यांनी घेतले नाही.

युद्धानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजातून त्यांनी १९४८ साली गणित व भौतिकशास्त्र घेऊन प्रथम वर्गात पदवी मिळविली. काही काळ एका विज्ञाननियतकालिकाचे साहाय्यक संपादकपद सांभाळून ते लेखनाकडे वळले व १९५६ मध्ये श्रीलंकेत स्थायिक झाले. कादंबरीतही हिशेबाची शिस्त त्यांनी सोडली नाही. ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज’ (१९७९) मधील अभियंता पृथ्वीपासून याच स्थिर कक्षेपर्यंत उद्वाहन उभारू पाहतो. त्याचा पाया विषुववृत्तावरच हवा, म्हणून लेखकाने श्रीलंकेसारखे बेट कथेपुरते दक्षिणेस सरकविले! भूगोल बदलला, पण भौतिकशास्त्राला हात लावला नाही.

आता आपल्या देशाविषयी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा दूरचित्रवाणी प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शेती, आरोग्य व शालेय शिक्षणाचे कार्यक्रम सार्वजनिक संचांवर दिसत, आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही याच मार्गाने मिळाले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना गावात उभी राहिली की पुरे होई. मधल्या शेकडो मैलांत मनोरे नकोत, तारा नकोत. १९४५ च्या हिशेबाचा खरा लाभ दूरच्या वस्तीला होता, तो असा.

त्याच सुमारास भारतीय अभियंत्यांनी क्लार्क यांच्या कोलंबोतील घरीही एक अँटेना बसवून दिली. आपल्या शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, लेखानंतर तीस वर्षांनी, ते तेथे बसून पाहत असत.