नळी पुरण्याआधी पाहा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही, हंडा वाहण्याची आहे; म्हणून दोन शब्द बोलते.

आमच्या वाडीची जुनी लोखंडी नळी जमिनीत गंजली आणि आम्ही पुन्हा विहिरीवर आलो. नवी घेताना पुरुषमंडळी म्हणाली, ४ किलो दाबाची काळी नळी स्वस्त पडते. शिबिरात शिकलेला हिशेब मी मांडला. टाकी वाडीहून ६० मीटर उंच. दर १० मीटरला सुमारे १ किलो दाब. रात्री तोट्या बंद झाल्या की खाली ६ किलो! मग ४ ची कशी टिकावी? अखेर १० किलोची एचडीपीई आली. ती गंजत नाही. तिची वेटोळी येतात, म्हणून जोड थोडे; तेही तापवून एकजीव करतात.

नळीवर 'आयएस ४९८४' आणि दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. चर मीटरभर खोल असावा. नळीखाली दगड नको, चाळलेली माती हवी. आणि जोड उघडे ठेवून दाबाने पाणी भरून पाहिल्याशिवाय चर बुजवू देऊ नये.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात, असे ठरले आहे. तेव्हा नुसती सही करून येऊ नका. चराच्या काठावर उभ्या राहा. नळी फुटली तर हंडा आपल्याच डोक्यावर येतो.